इस्पितळातील पाटीलकी

नशिराबादच्या आमच्या वस्तीत काही महिन्यांपूर्वी एका मुलीचा सत्कार झाला. मुलगी एम.बी.बी.एस. होऊन स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दूरच्या शहरातील महाविद्यालयात चालली होती. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार झाले, त्रिशरण-पंचशील झाले, मग भाषणे झाली. वक्ते पुष्कळ होते आणि त्यांत मीही होतो. आम्ही सर्वांनी तिच्या गुणांचे, जिद्दीचे व आईबापांच्या कष्टांचे कौतुक केले. समारंभ आटोपल्यावर मुलीच्या आजीने मला बाजूस घेतले. या बाईने उभी हयात लोकांच्या केळीच्या बागेत व कापसाच्या रानात मजुरी केलेली. ती म्हणाली, "वकीलसाहेब, पोरगी शिकाले चालली हे खरं, पन तठी तिले शिकवनार कोन?"

मी म्हणालो, "प्रोफेसर शिकवतील." म्हातारीचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण मी दिलेले उत्तर कायद्याच्या पुस्तकातले होते. वॉर्डातले उत्तर निराळे आहे. बंधु-भगिनींनो, त्या निराळ्या उत्तराविषयीच हा लेख आहे.

वैद्यकीय महाविद्यालयास पदव्युत्तर जागा मिळतात त्या तेथील प्राध्यापकांच्या संख्येवर. अमुक प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक असतील तर अमुक विद्यार्थी घेता येतील, असा हिशेब असतो. प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेला असतो. म्हणजे कागदोपत्री प्रत्येक शिकाऊ डॉक्टरावर एका अनुभवी, जबाबदार, पगारी शिक्षकाची देखरेख आहे. प्रत्यक्षात काय होते? सकाळचा राउंड संपला की बहुतेक ठिकाणी वॉर्डाचा कारभार वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या हाती जातो. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने कधी झोपावे, कधी जेवावे, कोणत्या रुग्णास हात लावावा, कोणते बाळंतपण करावे, शस्त्रक्रियेच्या वेळी टेबलाशी उभे राहावे की बाहेर रक्ताच्या बाटल्यांसाठी धावावे, हे सारे दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ठरवितो. या विद्यार्थ्याला शिक्षक म्हणून कोणी नेमलेले नाही, शिकविण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नाही, आणि चुकल्यास जाब विचारला जाईल असे त्याचे पदही नाही. जागा मोजताना प्राध्यापक मोजायचा आणि देखरेख करावयास विद्यार्थी पाठवायचा, हा कोणता न्याय?

यावर कोणी म्हणेल की, यात जातीचा संबंध काय? वरच्या वर्गाचा जाच सर्वांनाच असतो. असतो, हे मला मान्य आहे. पण वैद्यकाचे शिक्षण हे पुस्तकाचे शिक्षण नव्हे. ते हातातून हातात जाते. मी वकिलीची सनद घेतली तेव्हा ज्येष्ठ वकिलांनी मला उलटतपासणी करू दिली नसती तरी मी न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसून ती ऐकू शकत होतो, ग्रंथ वाचू शकत होतो, आणि एखादा गरीब अशील घेऊन स्वतःची उलटतपासणी स्वतः करू शकत होतो. शस्त्रवैद्याचे तसे नाही. ज्याच्या हाती चाकू आहे त्याने तो तुमच्या हाती दिला पाहिजे. "आज तू कर, मी शेजारी उभा आहे," हे वाक्य कोणी तरी उच्चारले पाहिजे. ते वाक्य कोणाला म्हणावयाचे आणि कोणाला तीन वर्षांत एकदाही म्हणावयाचे नाही, हे जर देखरेख नसलेल्या मर्जीवर सोडले, तर ती मर्जी कोणत्या रस्त्याने जाईल हे या देशात जन्मलेल्यांना सांगावे लागू नये. शिवी दिली तर साक्षीदार सापडतो. न दिलेल्या संधीला साक्षीदार कोठून आणावयाचा?

माझ्याच घरातील उदाहरण देतो. महाविद्यालयाचे नाव सांगणार नाही. माझा एक पुतण्या शस्त्रक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होता. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सुट्टीवर आला तेव्हा मी सहज म्हणालो, "आता अपेंडिक्स काढता येत असेल." तो खाली मान घालून हसला आणि म्हणाला, "काका, पट्ट्या उत्तम बांधतो." त्याच्या बरोबरीच्या मुलांच्या हाती चाकू आला होता, याच्या हाती कागद, नमुन्यांच्या नळ्या आणि नातेवाइकांची समजूत काढण्याचे काम. त्याला कोणी जातीवरून एक शब्द बोलले नव्हते. पहिल्या आठवड्यात फक्त प्रवेशाची यादी, तीतील रँक व प्रवर्ग यांची चर्चा झाली होती, एवढेच. मी वकील असून तेव्हा त्याला "अजून एक वर्ष काढ" असे म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आपल्या जळगाव जिल्ह्यातील एका मुलीने असे वर्ष काढण्याचा प्रयत्न केला होता. डॉ. पायल तडवी हे नाव आपल्या घरात माहीत नसेल तर ते आज माहीत करून घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत तडवी भिल्ल समाज राहतो. अनुसूचित जमातीत गणला गेलेला, धर्माने मुसलमान. त्या समाजातील ही मुलगी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली आणि २०१८ साली मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर इस्पितळात, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास गेली. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, तिने वसतिगृहाच्या खोलीत आपले जीवन संपविले. वरच्या वर्गातील तीन निवासी डॉक्टरांनी तिला तिच्या जमातीवरून हिणविले, रुग्णांसमोर अपमानित केले, बाळंतपणे व शस्त्रक्रिया करू दिल्या नाहीत, असा कुटुंबाचा आरोप आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा व महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा नोंदला गेला. आरोप सिद्ध झाले की नाही हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, ते मी या पानावर करणार नाही. १९२१ साली असहकाराच्या चळवळीत, परक्यांच्या संस्था नाकारून जे महाविद्यालय स्वाभिमानाने उभे राहिले त्याच्या आवारात हे घडावे, एवढेच नोंदवितो.

नवदीक्षित कुटुंबांनी या प्रकरणातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. तडवी समाजाने इस्लाम स्वीकारला त्याला कित्येक पिढ्या झाल्या. तरीही, आरोप खरा मानला तर, हिणविणाऱ्यांना पायलच्या नावामागे जमातच दिसली. आपल्यातील काही जण दीक्षा घेतल्यावर मुलांना सांगतात की, आपण आता बौद्ध झालो, जातीचा प्रश्न मिटला. आपल्या मनातला मिटला हे खरे, आणि तेच धर्मांतराचे मोठे कार्य आहे. पण समोरच्याने दीक्षा घेतलेली नाही, हे विसरू नये. त्याच्या डोळ्यांतील जुना कागद तसाच आहे. म्हणूनच १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांची गणना अनुसूचित जातींत केली. हे संरक्षण कोणाची भीक नव्हे, आणि ते वापरण्यात कमीपणाही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याने, त्याच्या आईबापांनी वा शिक्षकाने लेखी तक्रार केली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून ती पोलिसांकडे पाठवावयाची. प्रमुखाने हे केले नाही, हयगय केली, तर त्याने स्वतः त्या गुन्ह्यास साहाय्य केले असे कायदा मानतो, आणि शिक्षा गुन्हेगाराइतकीच. दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. इतके स्पष्ट शब्द फार थोड्या कायद्यांत सापडतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला निराळी शिक्षा सांगितली आहे. हे सर्व असताना पायलच्या आईने, आबेदा तडवी यांनी, मुलीच्या मृत्यूपूर्वी आपण विभागाकडे तक्रार केली होती, असे सांगितले. पुढे काय झाले? तीन निवासी डॉक्टरांना अटक झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत जाऊन अभ्यासक्रम पूर्ण करण्याची परवानगी दिली. आणि विभागाच्या तत्कालीन प्रमुखांना आरोपी करावे असा आदेश विशेष न्यायालयाने केव्हा दिला? २०२५ साली. मृत्यूला सहावे वर्ष सरत आले तरी आरोपी कोण कोण असावेत याचाच वाद चालू होता. त्याच वर्षी शासनाने खटल्यातील विशेष सरकारी वकीलही बदलले.

जामिनाविरुद्ध वा शिक्षण पूर्ण करू देण्याविरुद्ध मी लिहिणार नाही. दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आपल्याच वस्तीतील पोरांना पोलीस उचलतात तेव्हा मी दंडाधिकाऱ्यांपुढे ओरडून सांगत असतो. माझी तक्रार अशी की, साऱ्या देशाचे लक्ष त्या तिघींवर खिळले आणि ज्या रचनेने त्यांच्या हाती दुसऱ्या डॉक्टरचे दिवस-रात्र सोपविले होते ती रचना होती तशी राहिली. एका विद्यार्थिनीवर दुसऱ्या विद्यार्थिनीचा अनिर्बंध अधिकार चालतो, हे राउंडला येणाऱ्या शिक्षकांना ठाऊक नसते काय? ठाऊक असते. सोयीचेही असते.

जुन्या पिढीला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. महार वतनात काय होते? वतनदार महार हा नावाला सरकारचा नोकर. पण हुकूम पाटलाचा, कुलकर्ण्याचा आणि गावातल्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याचा. कामाला तास नाहीत, यादी नाही. रात्री-अपरात्री बोलावणे आले की निघावयाचे. आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जावयाचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्याची दुरुस्ती मांडली तेव्हा त्यांचा रोख कष्टावर नव्हता. कष्टाला आपला समाज कधी भ्याला नाही. काम अमुक, मोबदला अमुक आणि मालक अमुक, हे ठरलेले नसणे, हाच त्यांच्या मते गुलामीचा गाभा होता. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. इस्पितळात मात्र नाव बदलून तीच पाटीलकी नांदते आहे. विद्यार्थी प्राध्यापकाचा, राबणूक सर्वांची. १९९२ च्या केंद्र शासनाच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तास व आठवड्यास ४८ तास असे आकडे तरी दिले होते. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत काय लिहिले आहे? कामाचे तास "वाजवी" असावेत! वाजवी या शब्दाशी माझा रोजचा संबंध आहे. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या सोयीने तो शब्द लांबतो आणि आखडतो.

या रचनेचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. पहिली, "आम्हीही हेच सोसले आणि उत्तम डॉक्टर झालो." सुनेला छळणारी सासूही हेच म्हणते. दुसरी, "राखीव जागेवरची मुले कच्ची असतात, म्हणून त्यांच्या हाती रुग्ण देता येत नाही." या विद्वानांना एवढेही ठाऊक नसावे काय की, प्रवेशात सवलत असली तरी एम.बी.बी.एस. वा एम.डी. उत्तीर्ण होण्याचे गुण सर्वांना सारखेच असतात? आणि खरोखरच कोणी कच्चा असेल तर त्याला अधिक शिकवावयाचे की टेबलापासून दूर हाकलावयाचे? पोहता येत नाही म्हणून पाण्यातच उतरू द्यावयाचे नाही, आणि मग ओरडावयाचे की, पाहा, यांना पोहता येत नाही! २००६ साली केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करविली. तिच्या २००७ च्या अहवालात, इतर विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारे सहकार्य आम्हांस मिळत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्याचे नमूद आहे. कच्चेपणा कोठे तयार होतो याचा शोध तेथून घ्यावा.

तिसरी सबब जरा सभ्य आहे: "रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो, तेथे कठोर शिस्त लागते." ठीक. मग रुग्णाच्या जिवाचाच हिशेब करू. १९८४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या एका नामांकित इस्पितळात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप घेऊन रात्री दाखल झाली आणि सकाळी मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे दोघेही शिकाऊ डॉक्टर होते. वरिष्ठ डॉक्टर घरी होते आणि त्यांच्याशी बोलणे झाले ते टेलिफोनवर. मुलीचा बाप पत्रकार होता आणि कायद्याचा जाणकार. त्याने प्रकरण सोडले नाही. ग्रँड ज्युरीने १९८६ साली कोणा डॉक्टरवर खुनाचा आरोप ठेवला नाही, पण थकलेल्या, देखरेखीविना सोडलेल्या शिकाऊंच्या हाती रुग्ण सोपविणाऱ्या पद्धतीवर ताशेरे ओढले. मग समिती बसली आणि १९८९ पासून त्या राज्यात नियम आला: आठवड्यास ८० तासांहून अधिक काम नाही, सलग २४ तासांहून अधिक नाही, आणि अनुभवी डॉक्टरची देखरेख चोवीस तास. जगाने त्यातले तास तेवढे लक्षात ठेवले. माझ्या मते खरा नियम शेवटचा आहे. शिकाऊजवळ शिक्षक उभा असला म्हणजे रुग्ण सुरक्षित राहतो आणि शिकाऊही. शिस्तीचे नाव घेणाऱ्यांनी आधी प्राध्यापकांना रात्रीच्या वेळी लेबर रूममध्ये आणून दाखवावे.

लेबर रूमवरून आठवले. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. ती १९२९ साली प्रसिद्ध झालेली. शिक्षकाची पत्नी बाळंतीण होऊन आजारी पडली. सवर्ण डॉक्टर मिनतवारीने आला, पण तिला शिवला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. ती बाई मेली. आज तिच्या नाती-पणती वयाच्या मुली स्वतः प्रसूतिशास्त्र शिकावयास जातात, आणि आता विटाळ रुग्णाच्या खाटेवरून उठून डॉक्टरच्या हाताशी येऊन बसला आहे. तेव्हा आमच्या बाईस हात लावावयाचा नव्हता. आता आमच्या मुलीने दुसऱ्यांच्या बाईस हात लावावयाचा नाही.

माझी मागणी सरळ आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्यास मदत करावी, पण कामाची वाटणी, रात्रपाळी, रजा व शस्त्रक्रियेतील संधी ही शिक्षकाने स्वतःच्या सहीने ठरवावी. नियमांप्रमाणे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने नोंदवही ठेवावयाची असते आणि मार्गदर्शकाने ती तपासून प्रमाणित करावयाची असते. आता ती संगणकावर असते. त्या नोंदवह्यांचा एकत्रित हिशेब महाविद्यालयाने दर सहामाहीस मांडावा: कोणी किती बाळंतपणे पाहिली, किती केली, किती शस्त्रक्रियांत चाकू हाती घेतला. प्रवर्गवार मांडावा. पाहिलेले आणि केलेले यांतील अंतर जेथे एकाच प्रवर्गाच्या मुलांना भोवते, तेथे त्या शिक्षकाला लेखी उत्तर द्यावे लागावे. रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघींनी मिळून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेविषयीचे २०१२ चे नियम कागदावरून खाली उतरावेत, हे तिचे म्हणणे. दोन मातांना ते करावे लागले. आपल्या पदवीधरांच्या संघटना काय करीत होत्या, हा प्रश्न मी स्वतःसकट सर्वांना विचारतो.

आणि घरातील मंडळींसाठी थोडे. मुलगा वा मुलगी फोनवर "सर्व ठीक आहे" म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न विचारा: आज काय केलेस, कोणाच्या शेजारी उभी राहून केलेस, कोणी शिकविले? झोप किती झाली हेही विचारा. आवाज बदललेला वाटला तर त्याच दिवशी गाडीत बसा. शेतातले काम दोन दिवस थांबते. "सोसून घे" हे शब्द आमच्यासारख्या शिकलेल्या काकांनीही तोंडातून काढू नयेत. पदवीपेक्षा लेकरू मोठे, हे त्याला स्पष्ट सांगून ठेवा; परत आलीस तरी दार उघडे आहे, हे शब्दांत सांगा, समजून घेईल असे धरून चालू नका. विद्यार्थ्याने स्वतःची एक साधी वही ठेवावी: तारीख, वेळ, वॉर्ड, कोण काय म्हणाले, समोर कोण होते. रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात जातीवाचक अपमान झाला तर तो चार भिंतींआड झाला असे म्हणणे अवघड जाते. म्हणून समोर कोण होते ही नोंद फार मोलाची. स्वतःच्या ई-नोंदवहीची प्रत दरमहा काढून ठेवावी. सरकारी व महापालिकेच्या महाविद्यालयांत संधींच्या वाटपाची आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तक्रार करावयाची तर तोंडी करू नये. विभागप्रमुखांच्या खोलीत उभे राहून रडून सांगितलेले दुःख कायद्याच्या दृष्टीने सांगितलेच गेलेले नसते. लेखी करावी, ती विभागप्रमुखांच्या बरोबरीने अधिष्ठात्यांच्या नावे असावी, कारण सात दिवसांचे बंधन संस्थेच्या प्रमुखावर आहे. १९९९ च्या कायद्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा. मुलाला सही करण्याची भीती वाटत असेल तर आईने किंवा बापाने करावी. कायद्याने तो अधिकार दिला आहे, आणि अंगठाही चालतो. दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याखेरीज खिडकीपासून हलू नये. कारकून "साहेब आल्यावर बघू" म्हणाला तर तेथूनच पोस्टात जाऊन ती नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती घरी ट्रंकेत, जातीच्या दाखल्याजवळ ठेवावी.

नशिराबादच्या त्या मुलीला मी परवा दोनशे पानी वही आणि हा लेख पाठविला आहे. तिच्या आजीला आता खरे उत्तर द्यावयास जावयाचे आहे.